वातावरणाची उष्णताधारणा : संकल्पनेचा इतिहास

सूर्याकडून येणारे, मुख्यतः दृश्य प्रकाश व त्यालगतच्या लघु तरंगलांब्यांचे प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) वातावरणातून फारसे न अडता भूपृष्ठापर्यंत पोहोचते. तापलेले भूपृष्ठ मात्र अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण बाहेर टाकते आणि ते वातावरणातील काही वायू शोषून घेऊन पुन्हा सर्व दिशांना उत्सर्जित करतात. यामुळे भूपृष्ठ व त्यालगतची हवा अन्यथा राहिली असती त्यापेक्षा पुष्कळच उबदार राहते. या आविष्कारास ‘पादपगृह परिणाम’ किंवा ‘हरितगृह परिणाम’ म्हणतात. सूर्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सु. ३० टक्के परावर्तित होते. उरलेल्या ऊर्जेचा समतोल राखण्यासाठी पृथ्वीचे अवकाशातून भासणारे सरासरी तापमान सु. –१८° से. असावे लागते व ते तसे आहेही. भूपृष्ठाचे सरासरी तापमान मात्र सु. १५° से. आहे. या दोहोंमधील सु. ३३° से.चा फरक वातावरणामुळे पडतो. त्यातील सर्वांत मोठा वाटा जलबाष्पाचा असून त्याखालोखाल ढग व कार्बन डाय-ऑक्साइड यांचा आहे. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन इ. वायूंचा वाटा तुलनेने कमी आहे. हवेचा बहुतांश भाग ज्यांचा बनलेला आहे ते नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू या कार्यात जवळजवळ निष्क्रिय असतात. हवेच्या एका अत्यल्प घटकावर सबंध ग्रहाची ऊब अवलंबून असावी, ही गोष्ट पटण्यास शास्त्रज्ञांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत या प्रदीर्घ वाटचालीचा, विशेषतः १९०० नंतरच्या अर्धशतकात तिला लागलेल्या आडवळणाचा, आढावा घेतला आहे.

पादपगृह हे नाव मात्र तितकेसे समर्पक नाही. वनस्पतींसाठी बांधलेल्या काचेच्या घरात ऊब टिकते ती प्रामुख्याने तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०९ मध्ये एका पेटीवर काचेचे व दुसरीवर सैंधवाचे (खनिज मिठाचे) झाकण बसवून हे दाखविले. काच अवरक्त प्रारण अडविते, सैंधव ते जाऊ देते; तरीही दोन्ही पेट्यांमधील तापमान जवळजवळ सारखेच राहिले. वातावरणात हवेचे वर-खाली होणारे प्रवाह मुक्तपणे चालू असतात आणि तेथील उष्णताधारणा केवळ प्रारणाच्या शोषण-उत्सर्जनावर आधारलेली असते. नाव रूढ झाले असल्याने ते बदलणे आता शक्य नाही. पण काचेच्या छताचे जे चित्र ते डोळ्यांपुढे उभे करते, त्यानेच पुढे काही चांगल्या शास्त्रज्ञांचीही दिशाभूल केली.

प्रारंभीचे विचार : स्विस निसर्गवैज्ञानिक ओरास बेनेदीक्त द सोस्यूर (१७४०–९९) यांनी आतून काळी केलेली व अनेक काचांनी झाकलेली एक पेटी तयार केली होती. उन्हात ठेवल्यावर पेटीतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास जाई. ही पेटी त्यांनी आल्प्स पर्वतात उंचावर आणि खाली सखल भागातही वापरून पाहिली. बाहेरच्या हवेत पुष्कळ फरक असूनही पेटीतील तापमान दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच आढळले. अर्थात उंच डोंगरावरील गारठ्याचे कारण तेथे ऊन कमी पडते हे नव्हे, हे त्यावरून उघड झाले.

फ्रेंच गणितज्ञ झां बातीस्त झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी या पेटीचा आधार घेऊन हा प्रश्न प्रथम नेमकेपणाने मांडला. उष्णतेच्या संवहनाचे गणित सिद्ध करणाऱ्या या शास्त्रज्ञांना पृथ्वीचे तापमान कशाने ठरते हा प्रश्न आयुष्यभर खुणावत होता. १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व १८२७ मध्ये पुनर्मुद्रित झालेल्या निबंधात त्यांनी ‘प्रकाशमान उष्णता’ व ‘अप्रकाशमान उष्णता’ असा भेद केला. पहिली हवेतून सहज आत येते, पण भूपृष्ठाने शोषल्यावर तिचे दुसरीत रूपांतर होते व मग तिला बाहेर पडणे कठीण जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘पादपगृह’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. उलट हवेचे थर स्थिर राहत नसल्याने सोस्यूर यांच्या पेटीचे उदाहरण वातावरणास पूर्णपणे लागू पडत नाही, याचीही त्यांना जाणीव होती. वातावरणातील कोणता घटक हे कार्य करतो हे सांगण्याचे साधन त्यांच्या काळी उपलब्ध नव्हते. क्लोद पूये यांनी १८३८ मध्ये सौर प्रारणाचे मापन करून हाच विचार गणिताने पुढे नेला.

फुट आणि टिंडल : अमेरिकेतील यूनिस न्यूटन फुट (१८१९–८८) यांनी १८५६ मध्ये काचेच्या दोन नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कोरड्या हवेपेक्षा दमट हवा आणि त्याहून कार्बन डाय-ऑक्साइड (त्या काळचे नाव कार्बॉनिक अम्ल वायू) अधिक तापतो व निवण्यास कितीतरी अधिक वेळ घेतो, असे त्यांना आढळले. ज्या काळी वातावरणात या वायूचे प्रमाण अधिक असेल त्या काळी पृथ्वी अधिक उष्ण असली पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविला. त्यांचा निबंध ऑल्बनी येथे भरलेल्या अमेरिकन विज्ञानवर्धिनी संस्थेच्या अधिवेशनात जोसेफ हेन्री यांनी वाचून दाखविला व त्याच वर्षी तो छापलाही गेला. त्यानंतर मात्र तो पूर्णपणे विस्मृतीत गेला आणि २०११ मध्ये एका निवृत्त भूवैज्ञानिकांच्या नजरेस येईपर्यंत या विषयाच्या इतिहासात फुट यांचे नाव अभावानेच आढळे. या प्रयोगात सूर्यप्रकाश व भूपृष्ठाचे अवरक्त प्रारण यांचे परिणाम वेगळे केलेले नव्हते. त्यामुळे उष्णताधारणेची नेमकी यंत्रणा त्यावरून सिद्ध होत नाही. तथापि कार्बन डाय-ऑक्साइड व पृथ्वीचे हवामान यांचा संबंध जोडण्याचा प्रथम मान त्यांचाच आहे.

यंत्रणा सिद्ध केली ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील आयरिश भौतिकीविज्ञ जॉन टिंडल (१८२०–९३) यांनी. आल्प्समधील हिमनद्यांचा अभ्यास करीत असता प्राचीन हिमकाल कशामुळे आले असतील या प्रश्नाकडे ते वळले होते. त्यांनी १८५९ मध्ये उभारलेल्या उपकरणात सु. सव्वा मी. लांबीची पितळी नळी होती. काच उष्णताकिरण अडविते म्हणून नळीची दोन्ही तोंडे सैंधवाच्या चकत्यांनी बंद केलेली होती. एका टोकाशी उकळत्या पाण्याचे धातूचे पात्र हा उष्णतेचा उगम व दुसऱ्या टोकाशी तपयुग्मांची चिती आणि तिला जोडलेला गॅल्व्हानोमीटर (सूक्ष्म विद्युत् प्रवाहमापक) अशी रचना होती. चितीच्या दुसऱ्या बाजूस तसेच एक पात्र ठेवून दोन्हीकडील उष्णता तंतोतंत तोलली जाई. मग नळीत एखादा वायू सोडला असता शोषणामुळे पडलेला अगदी लहान फरकही सुईच्या विचलनाने कळून येई. उष्णतेला सर्वच वायू सारखे पारदर्शक असतात, हा तोवरचा समज या प्रयोगांनी खोडून काढला. ऑक्सिजन, नायट्रोजन व हायड्रोजन यांनी सुई जवळजवळ हलली नाही. कार्बन डाय-ऑक्साइड, जलबाष्प व एथिलीन यांनी मात्र ती जोराने फिरविली. हे वायू डोळ्यांना हवेइतकेच स्वच्छ दिसतात, हे टिंडल यांना विशेष नवलाचे वाटे.

१८६१ च्या बेकर व्याख्यानात त्यांनी हे निष्कर्ष विस्ताराने मांडले. जलबाष्पाच्या पांघरुणाचे महत्त्व पटविण्यासाठी ते म्हणत, की इंग्लंडच्या हवेतील बाष्प एका उन्हाळी रात्रीपुरते जरी काढून घेतले, तरी गारठ्याने तेथील कोवळ्या वनस्पती नष्ट होतील. वाळवंटातील रात्री इतक्या थंड का असतात, याचाही उलगडा त्यांनी अशाच रीतीने केला. हवेतील या घटकांचे प्रमाण बदलले तर भूवैज्ञानिक काळांतील हवामानाचे बदल घडून येऊ शकतील, असे त्यांनी सुचविले. मात्र ते बदल किती अंशांचे असतील हे गणिताने ठरविण्याचे काम शिल्लक राहिले.

अऱ्हेनियस यांचे गणित : हे काम स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी हाती घेतले. त्यांच्यापुढील प्रश्नही हिमकालाचाच होता. सॅम्युएल पिअरपाँट लँग्ली यांनी आपल्या बोलोमीटर या अतिसंवेदी उपकरणाने चंद्राकडून येणारे अवरक्त प्रारण मोजले होते. चंद्र क्षितिजालगत असता ते प्रारण हवेच्या जाड थरातून आणि डोक्यावर असता पातळ थरातून येते. या फरकावरून कार्बन डाय-ऑक्साइड व जलबाष्प यांचे शोषण अऱ्हेनियस यांनी काढले. मग निरनिराळे अक्षांश व ऋतू यांसाठी त्यांनी सु. वर्षभर हातानेच आकडेमोड केली आणि १८९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण तत्कालीन प्रमाणाच्या ५५ ते ६२ टक्क्यांपर्यंत उतरले तर तापमान ४° ते ५° से.ने घटून हिमकाल येईल व ते दुप्पट झाले तर तापमान ५° ते ६° से.ने वाढेल, असे त्यांचे उत्तर होते. हवा तापली की तिच्यात अधिक बाष्प मावते व त्यामुळे ती आणखी तापते, ही साखळीही त्यांनी हिशेबात धरली होती. त्यांच्या जवळचे शोषणाचे आकडे सदोष होते, त्यामुळे उत्तर जरा मोठे आले. प्रश्न सोडविण्याची रीत मात्र बरोबर होती.

कोळशाचा संबंध या निबंधात अनुषंगानेच येतो. त्यांचे सहकारी आर्व्हिड हॉग्बॉम यांनी कार्बनाच्या नैसर्गिक चक्राचा अभ्यास केला होता. त्या काळी जगात दरसाल सु. ५० कोटी टन कोळसा काढला जाई व तो जाळल्याने निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणातील या वायूच्या सु. एक-हजारांश भरेल, असा त्यांचा हिशेब होता. यामुळे फार दीर्घ काळाने पृथ्वी तापेल असे अऱ्हेनियस यांना दिसत होते. पण स्वीडनच्या कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या या शास्त्रज्ञांना त्यात चिंतेपेक्षा आशाच अधिक वाटली, हे स्वाभाविक म्हणावे लागेल.

संतृप्तीचा आक्षेप : अऱ्हेनियस यांच्या सिद्धांताला तीन-चार वर्षांतच असा धक्का बसला, की तो जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडला. स्वीडनमधीलच भौतिकीविज्ञ नूट आँगस्ट्रॉम (१८५७–१९१०, ज्यांच्या नावाने तरंगलांबीचे एकक प्रसिद्ध आहे त्या आंडर्स आँगस्ट्रॉम यांचे पुत्र) यांनी १९०० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ३० सेंमी. लांबीच्या नळीत कार्बन डाय-ऑक्साइड भरून त्यातून उष्णताकिरण पाठविले व मग वायूचा दाब दोन-तृतीयांशापर्यंत उतरविला. शोषणात अर्ध्या टक्क्याएवढाही फरक पडला नाही. म्हणजे या वायूला जेवढे शोषता येते तेवढे तो अगोदरच शोषून बसला आहे. त्यात आणखी भर घातली तरी काय फरक पडणार? शिवाय त्याच्या शोषणपट्टांपैकी काही जलबाष्पाच्या पट्टांवर पडत असल्याने उरलेसुरले काम बाष्पानेच केलेले असणार, असाही युक्तिवाद होता. शाई घातल्याने काळ्या झालेल्या पाण्यात आणखी शाई ओतण्यासारखेच हे दिसत होते. बहुसंख्य वातावरणवैज्ञानिकांना हा आक्षेप निर्णायक वाटला आणि पाठ्यपुस्तकांतही त्याला स्थान मिळाले.

या आक्षेपात दोन चुका होत्या. पहिली मापनाची. शोषणपट्ट हा सलग नसून असंख्य बारीक रेषांचा बनलेला असतो. जमिनीलगतच्या दाबाखाली या रेषा रुंद होऊन परस्परांत मिसळतात; विरळ हवेत त्या अरुंद होतात व त्यांच्यामधील फटींतून प्रारण निसटू लागते. पट्टाचा मध्यभाग संतृप्त असला तरी त्याच्या कडा तशा नसतात आणि वायूचे प्रमाण वाढले की शोषण कडांवर पसरत जाते. त्या काळच्या उपकरणांना हा तपशील दिसतच नव्हता.

दुसरी चूक अधिक मूलगामी होती. आँगस्ट्रॉम यांच्या नळीतील वायूचे तापमान व दाब सर्वत्र सारखे होते. वातावरण मात्र उंचीनुसार विरळ व थंड होत जाते. भूपृष्ठाकडून निघालेले प्रारण एका थरात शोषले जाते, त्या थराकडून उत्सर्जित होते, वरच्या थरात पुन्हा शोषले जाते आणि असे करीत करीत जेथे हवा पुरेशी विरळ होते तेथूनच अवकाशात निसटते. पृथ्वीचा जमाखर्च ठरतो तो या निसटण्याच्या पातळीवर. ही पातळी सरासरीने सु. ५ किमी. उंचीवर असते व तेथील तापमानच सुरुवातीस दिलेले –१८° से. होय. कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की ही पातळी आणखी वर सरकते. वरची हवा अधिक थंड असल्याने तिच्याकडून होणारे उत्सर्जन घटते, मिळकतीपेक्षा खर्च कमी पडतो आणि तो पुन्हा जुळेपर्यंत खालचे सर्व वातावरण व भूपृष्ठ तापत राहते. खालचे थर किती अपारदर्शक आहेत याने या युक्तिवादाला बाध येत नाही. याच दिशेचा विचार स्वीडिश वातावरणवैज्ञानिक निल्स एकहोल्म यांनी १९०१ मध्येच मांडला होता, परंतु त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नळीतल्या मोजमापापुढे हा विचार फिका पडला असावा. काचेच्या छताची उपमा मनात घट्ट बसलेली असल्याने, छत एकदा अपारदर्शक झाले की संपले, असेच बहुतेकांना वाटे.

कॅलेंडर : ब्रिटनमधील वाफेच्या यंत्रांचे अभियंते गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर (१८९८–१९६४) यांनी फावल्या वेळात हा विषय पुन्हा उकरून काढला. जगभरातील हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदी त्यांनी चिकाटीने एकत्र केल्या आणि १९३८ मध्ये लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. मागील अर्धशतकात इंधनाच्या ज्वलनाने १५० अब्ज टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला गेला, त्यातील सु. तीन-चतुर्थांश तेथेच राहिला आणि त्यामुळे तापमान दरवर्षी ०·००३° से.ने वाढले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. नोंदींवरून प्रत्यक्ष वाढ ०·००५° से. दिसत होती. चर्चेत अनेकांनी शंका घेतल्या. तत्पूर्वी सिमल्यास भारतीय हवामान खात्यात दीर्घकाळ काम केलेले व पुढे ब्रिटिश हवामान कार्यालयाचे प्रमुख झालेले सर जॉर्ज सिम्पसन यांनी, केवळ प्रारणाच्या हिशेबाने वातावरणाचे तापमान ठरविता येत नाही, हवेच्या हालचालींचाही विचार करावा लागतो, हे या विषयाबाहेरच्या मंडळींच्या ध्यानी येत नाही, असा काहीसा उपरोधिक शेरा मारला. उपरोध वगळला तर सिम्पसन यांचा मुद्दा खरा होता. मात्र त्या मुद्द्याने कॅलेंडर यांची आकडेवारी खोटी ठरत नव्हती, याकडे सभेचे दुर्लक्ष झाले. तापमानवाढ हितकारक ठरेल व हिमनद्यांचे पुनरागमन लांबेल, असेच स्वतः कॅलेंडर यांनाही वाटत होते.

नवी मापने : दुसऱ्या महायुद्धानंतर अवरक्त प्रारणाच्या अभ्यासाला लष्करी महत्त्व आले, कारण विमानाच्या एंजिनाची उष्णता हेरणारी क्षेपणास्त्रे बनविण्यासाठी हे प्रारण हवेतून कसे प्रवास करते हे जाणणे आवश्यक होते. या गरजेतून शोषणरेषांची सूक्ष्म मापने उपलब्ध झाली. त्यांच्या व इलेक्ट्रॉनीय संगणकाच्या साहाय्याने गिल्बर्ट प्लास यांनी १९५६ मध्ये थरागणिक हिशेब करून संतृप्तीचा आक्षेप निकालात काढला. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास ३·६° से. वाढ होईल, असे त्यांचे उत्तर होते.

दुसरा आधार महासागराचा होता. जादा कार्बन डाय-ऑक्साइड समुद्र सहज गिळून टाकील, अशी समजूत होती. रॉजर रेव्हेल व हान्स झ्यूस यांनी १९५७ मध्ये समुद्रजलाच्या रासायनिक गुणधर्मामुळे हे शोषण अपेक्षेपेक्षा मर्यादित राहते, हे दाखवून दिले. तरीही हवेतील प्रमाण खरोखर वाढते आहे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग (१९२८–२००५) यांनी मार्च १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सु. ३,४०० मी. उंचीवर, अखंड मापन सुरू केले. आरंभीचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ३१५ भाग होते. उत्तर गोलार्धातील वनस्पतींच्या वाढीबरोबर ते दर उन्हाळ्यात उतरते व हिवाळ्यात चढते. पण प्रत्येक वर्षाची पातळी मागील वर्षापेक्षा वर असते, हे दोन-तीन वर्षांतच दिसून आले. मे २०१३ मध्ये तेथील दैनिक प्रमाणाने प्रथमच ४०० चा आकडा गाठला व २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२० च्या वर होती. औद्योगिक युगापूर्वी ते सु. २८० होते.

गणितीय प्रतिमाने : सिम्पसन यांच्या आक्षेपाचे खरे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. जपानमध्ये जन्मलेले स्यूकुरो मानाबे व त्यांचे अमेरिकन सहकारी रिचर्ड वेदराल्ड यांनी वातावरणाचा एकच उभा स्तंभ कल्पून त्यात प्रारण व हवेचे ऊर्ध्व अभिसरण या दोहोंचा एकत्र हिशेब केला. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास भूपृष्ठाचे तापमान सु. २·३° से.ने वाढेल, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की खालचे तपांबर तापत असताना वरचे स्तरांबर थंड होईल. सूर्यच प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती तर दोन्ही थर तापले असते. पुढे कृत्रिम उपग्रह व फुगे यांच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांत स्तरांबराचे तापमान खरोखरच उतरत असल्याचे दिसून आले. वातावरणाच्या या भागात ओझोनाच्या ऱ्हासाचाही हातभार आहे. या कार्याबद्दल मानाबे यांना २०२१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा काही भाग मिळाला.

इतर वायूंकडे लक्ष वेधले ते तमिळनाडूत जन्मलेले व बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी असलेले वीरभद्रन रामनाथन यांनी. प्रशीतकांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचा एक रेणू कार्बन डाय-ऑक्साइडच्या एका रेणूपेक्षा सु. दहा हजार पट परिणामकारक असतो, असे त्यांनी १९७५ मध्ये दाखविले. जलबाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या पट्टांमधील ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांब्यांची ‘खिडकी’ बरीचशी उघडी असते. हे वायू नेमके तेथेच शोषण करतात. संतृप्तीचा विचार योग्य ठिकाणी लावला तर किती उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण होय. रामनाथन यांनी तरुणपणी सिकंदराबादेस प्रशीतकांच्या एका कारखान्यात याच वायूंची गळती थांबविण्याचे काम केले होते.

प्रत्यक्ष पुरावा : १९७० मध्ये सोडलेल्या निंबस-४ या उपग्रहाने पृथ्वीकडून बाहेर जाणाऱ्या अवरक्त प्रारणाचा वर्णपट अवकाशातून नोंदविला. सहारा वाळवंटावरून घेतलेल्या वर्णपटात खिडकीच्या भागात तापलेल्या वाळूचे, म्हणजे सु. ४५° से.च्या आसपासचे, प्रारण दिसते; १५ मायक्रोमीटरभोवती मात्र एक खोल दरी पडलेली असून तेथील प्रारण सु. –५५° से. इतक्या थंड हवेकडून आलेले आहे. ही दरी म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइडने अडविलेली उष्णता. एकहोल्म यांनी कल्पिलेली निसटण्याची पातळी येथे उपकरणाने प्रत्यक्ष वाचली गेली.

टिंडल व अऱ्हेनियस यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अंटार्क्टिकातील हिमाने दिले. व्होस्टॉक येथील हिमस्तंभांत कोंडलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांचे विश्लेषण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमकालात कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्ष भागांत २०० भागांच्या आसपास उतरत असे व उबदार काळात सु. २८० पर्यंत चढत असे. हिमकालांची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षाच्या कलातील मंद बदलांमुळे होते. या वायूने तो बदल तीव्र केला व जगभर पसरविला, असे आता मानतात. म्हणजे अऱ्हेनियस यांनी ज्यासाठी गणित मांडले त्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अपुरे होते, परंतु त्यात तथ्य होते.

कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास नेमकी किती तापमानवाढ होईल, या प्रश्नाला जूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने १९७९ मध्ये १·५° ते ४·५° से. असे उत्तर दिले होते. नंतरच्या चाळीस वर्षांत संगणकांची शक्ती कितीतरी पट वाढूनही हे अंतर फारसे कमी झाले नाही. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालात ते २·५° ते ४° से. असे आले असून सर्वांत संभाव्य मूल्य ३° से. धरले आहे. उरलेल्या अनिश्चिततेचा मोठा भाग ढगांमुळे आहे. कमी उंचीवरील ढग सूर्यप्रकाश परावर्तित करून पृथ्वी थंड ठेवतात, तर उंचावरील विरळ ढग मुख्यतः उष्णता अडवितात; तापलेल्या जगात यांपैकी कोणते किती घटतील वा वाढतील याचा अंदाज बांधणे अद्यापि अवघड आहे. [⟶ ढग, प्रारण, हिमकाल].